भाषा अजून शिकतोय, परदेशात नोकरी मिळेल का? सांगली-साताऱ्यातून येणारे नेहमीचे प्रश्न

मी सांगलीत जर्मन शिकवते. वर्गात मिरजेच्या हॉस्पिटलांतल्या सिस्टर असतात, कुपवाड एमआयडीसीत सीएनसी चालवणारी मुलं असतात, कराड-साताऱ्याहून ऑनलाइन बसणारे इंजिनिअर असतात. अधूनमधून एखादे वडील मुलाला बाहेर बाकावर बसवून स्वतः आत येतात आणि हळूच विचारतात, "मॅडम, खरं सांगा, हे होण्यातलं आहे का?" त्या सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केलेत. जर्मनीचं जास्त आहे, कारण तेच माझं रोजचं काम. जपान आणि आखाताबद्दल कामापुरतं. रकमा ज्या वर्षीच्या आहेत ते वर्ष लिहिलंय. अर्ज करताना चालू आकडा बघून घ्या.

भाषा पूर्ण आल्याशिवाय अर्ज करायचाच नाही का?

"आता पूर्ण आली" असं वाटणारा दिवस कुणाच्याच आयुष्यात उगवत नाही, त्यामुळे त्याची वाट बघू नका. पण उलट टोकही चुकीचं आहे: "तिकडे गेलं की आपोआप येते" म्हणून शून्यावर निघणं.

यात दोन हिशेब वेगवेगळे आहेत. पहिला कागदाचा. व्हिसाला किंवा व्यवसायाच्या परवान्याला कोणती पातळी लागते ते ठरलेलं असतं. तिथे घासाघीस नाही. दुसरा हिशेब कामाचा. त्या नोकरीत दिवसाला किती बोलावं लागतं, कुणाशी, आणि चुकलं तर काय होतं? लेथवर उभ्या असलेल्या माणसाचं ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर कुपवाडमध्ये आणि श्टुटगार्टमध्ये सारखंच असतं. त्याला फोरमनचं बोलणं, सुरक्षेच्या सूचना आणि पाळीचं वेळापत्रक कळलं की पहिले महिने निघतात. नर्सचं अख्खं कामच बोलण्याचं. हॉटेलात स्वयंपाकघरात वेगळं आणि टेबलापाशी वेगळं. म्हणून माझ्याकडे कुणी आलं की "किती जर्मन येतं" हे मी नंतर विचारते, आधी "काम काय करता" ते विचारते.

ए१, बी२ म्हणजे काय, आणि किती वेळ लागतो?

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ म्हणजे नाव-गाव, खरेदी, वेळ विचारणं. बी१ म्हणजे रोजचं जगणं स्वतःच्या जिवावर. बी२ला कामावर वाद घालता येतो, कारण सांगता येतं.

ग्योटे इन्स्टिट्यूट या जर्मन शिकवणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अंदाजाने ४५ मिनिटांचा एक तास धरला तर बी१पर्यंत ३५० ते ६५० तास आणि बी२पर्यंत ६०० ते ८०० तास वर्गात लागतात. आता "तीन महिन्यांत बी२, गॅरंटी" या पाटीचा हिशेब करा. कमीत कमी ६०० तास म्हणजे घड्याळाचे ४५० तास. ९० दिवसांत बसवायचे तर रोज पाच तास वर्ग, रविवार नाही, गणपती नाही, मावसबहिणीचं लग्न नाही. घरचा अभ्यास यात धरलेलाच नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला बी१ला वर्ष-सव्वा वर्ष आणि बी२ला त्यावर आणखी सहा-आठ महिने लागले तर ते हळू नाही, नेहमीचं आहे.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेय, मिरजेत काम करते. बी१वर जाता येईल का?

जाता येतं, पण नर्स म्हणून नाही. हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

जर्मनीत नर्सिंग हा परवान्याचा व्यवसाय आहे. तुमच्या शिक्षणाची तुलना तिथल्या अभ्यासक्रमाशी होते, आणि काय कमी पडतं ते लिहिलेलं एक पत्र येतं. जीएनएम आणि बीएस्सी दोन्हींना हा अर्ज करता येतो. कमी पडलेलं भरून काढायला तिथे एकतर काही महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करायचा किंवा एक ज्ञानपरीक्षा द्यायची. ते झालं आणि भाषेचं प्रमाणपत्र हातात असलं (बहुतेक राज्यांत बी२) की परवाना मिळतो. परवाना मिळेपर्यंत तुम्ही मदतनीस म्हणून काम करता आणि पगारही मदतनिसाचा असतो. ही उरलेली प्रक्रिया तिथे राहून पूर्ण करण्यासाठी वेगळा व्हिसा आहे. त्याला कायद्याने ए२सुद्धा पुरू शकतं. प्रत्यक्षात दवाखाने बी१ मागतात, आणि बरेच जण बी२च मागतात.

मग बी१वर जावं का? माझं मत: मालक लेखी देत असेल की बी२चा वर्ग तो भरेल आणि त्यासाठी पाळीतून वेळ मिळेल, तर जा. नुसतं तोंडी "तिथे शिकवतात" असेल तर बी२ मिरजेतच करून निघा. रात्रपाळी करून आल्यावर परक्या देशात पुस्तक उघडणं किती जणांना जमतं, ते मी बघितलंय.

पाळी बदलताना जो निरोप देतात त्याला तिकडे यूबरगाबे म्हणतात. आपल्याकडे हॅण्डओव्हर. खोली नंबर बारा, रात्री दोनदा उठल्या, बीपी १४७ वर ९०, सकाळचं खाल्लं नाही, डाव्या पायाला सूज, डॉक्टरांना कळवलंय. एवढंच. पण हे सगळं तीन-चार मिनिटांत, आठ-दहा पेशंटचं, घाईत बोलणाऱ्या माणसाकडून ऐकून लिहून घ्यायचं असतं. मी वर्गात हेच रोज करून घेते. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. जर्मनमध्ये ४७ म्हणताना सात आधी आणि चाळीस नंतर येतात, अगदी आपल्या सत्तेचाळीससारखे. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे हमखास ७४ लिहितात.

इंजिनिअर किंवा आयटीवाल्यांना जर्मन लागतं का?

व्हिसाला नाही. पदवी मान्य असेल आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर ईयू ब्लू कार्डला (उच्चशिक्षितांचा नोकरीचा व्हिसा) भाषेची अट नाही. ही मर्यादा २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो होती. तुटवड्याच्या व्यवसायांना आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना त्याहून कमी. तुमचं कॉलेज आणि पदवी जर्मनीत कशी धरतात ते अनाबिन नावाच्या सरकारी यादीत घरबसल्या बघता येतं. वालचंदला शिकलात की आणखी कुठे, आधी तिथे नाव शोधा.

बर्लिनच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत इंग्रजीवर भागतं. पण मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिलवाल्यांनी या भरवशावर राहू नये. यंत्रं बनवणाऱ्या मध्यम कंपन्या लहान गावांत असतात, किर्लोस्करवाडी पलूसजवळ आहे तशा, आणि तिथे शॉप फ्लोअरवर जर्मनच चालतं. जाहिरात इंग्रजीत असेल तर आशा धरा. जाहिरात जर्मनमध्ये असेल तर बी१ नसताना अर्ज केल्यास बहुधा उत्तरही येत नाही.

आणखी एक. ब्लू कार्डवाल्याला कायमच्या वास्तव्याचा परवाना ए१वर २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. म्हणजे आज नाही लागली तरी भाषा पुढे उपयोगी पडतेच.

आयटीआयवाल्यांचं काय? फिटर, टर्नर, वेल्डर?

आधी आपला ट्रेड किती वर्षांचा होता ते बघा. जर्मनीतल्या कुशल कामगाराच्या वाटांना साधारणपणे किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं. फिटर, टर्नर, मशिनिस्ट दोन वर्षांचे आहेत. वेल्डर एक वर्षाचा. त्यामुळे हातात सोनं असलेला वेल्डर कागदावर मागे पडतो, आणि एजंट हे सांगत नाही. उद्योगातल्या बहुतेक ट्रेडची तुलना न्यूरेनबर्गची आयएचके फोसा ही संस्था करते.

वय कमी असेल तर दुसरी वाट आउसबिल्डुंगची: तीन-साडेतीन वर्षं, थोडे दिवस शाळेत आणि बाकीचे कंपनीत, शिकताना पगार. या व्हिसाला साधारण बी१ लागतं. पहिल्या वर्षाचा किमान भत्ता २०२५ साली महिन्याला ६८२ युरो होता. नर्सिंगसारख्या क्षेत्रांत हजाराच्या वर मिळतो. मुलाचं बारावी झालंय, इथे कुठे लागायचं ते ठरत नाहीये आणि घरी तो अभ्यासाला बसतो, अशा घराला मी हीच वाट सांगते. पदवी असलेल्या सत्तावीस वर्षांच्या माणसाला सहसा नाही.

ऑपॉर्च्युनिटी कार्ड ए१वर मिळतं म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि म्हणूनच त्याच्या जाहिराती सांगलीभर लागल्यात. जर्मनीने १ जून २०२४ पासून हे कार्ड सुरू केलं. आपल्या देशात मान्य असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचं व्यवसायशिक्षण, शिवाय जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२, आणि वय, अनुभव, भाषा वगैरेंचे मिळून किमान सहा गुण. एवढ्यावर एक वर्षापर्यंत तिथे राहून नोकरी शोधता येते. आठवड्याला २० तास अर्धवेळ कामही करता येतं.

आता न सांगितलेली बाजू. ही नोकरी नाही, नोकरी *शोधण्याची* परवानगी आहे. राहण्या-खाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात. २०२५ साली महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे तेरा हजार युरोच्या पुढे. रुपयांत तेरा लाखांच्या आसपास धरा. त्यासाठी शेत गहाण ठेवलेली माणसं माझ्यासमोर बसलीत. ए१ घेऊन गेलेला माणूस तिथे मुलाखतीला बोलावलाच जात नाही. तो पार्सल वाटतो, भांडी घासतो, आणि वर्ष संपतं. अर्धवेळ कामाचा दर बरा आहे, किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो, पण त्यावर फक्त भाडं-जेवण निघतं.

हे कार्ड वाईट नाही. बी१ झालेल्या, चार वर्षं अनुभव असलेल्या आणि पैसे कर्जाचे नसलेल्या माणसाला ते उत्तम आहे. मालक समोर बसवून दोन आठवडे काम करून बघू शकतो, हा मोठा फायदा. ए१वाल्याला मी हे घेऊ नका म्हणते.

महाराष्ट्र सरकारची जर्मनीची योजना होती ना?

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार तरुणांचं उद्दिष्ट जाहीर झालं होतं. फुकट वर्ग मिळत असेल तर जरूर बसा. मात्र करार दोन राज्यांतला आहे. व्हिसा जर्मनीचं केंद्र सरकार देतं, आणि भाषेची अट कुठल्याही करारामुळे खाली येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीयांसाठीच्या कुशल कामगार व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. जागा आहेत. पात्र होणं आपल्याकडेच आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कच्चं. मग जर्मन कसं येणार?

इंग्रजी कच्चं असलं म्हणून जर्मन अडत नाही. किंबहुना व्याकरण तुम्हाला लवकर समजतं. जर्मनमध्ये तीन लिंगं, आपल्याकडेही तीन. हिंदीवाल्याला नपुंसकलिंग म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं. जर्मनमध्ये मुलीचा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हटलं की पुण्याची मुलं हसतात. आमच्याकडे "ते पोरगं कुठं गेलं" असं मुलीलाही म्हणतात, त्यामुळे कुणाला नवल वाटत नाही. विभक्ती शाळेत घोकलेल्या असतात. मोठ्यांना वेगळं सर्वनाम, मित्राला वेगळं, हेही ओळखीचं.

अडतं ते दुसरीकडे. लाजण्यात. मराठी माध्यमाच्या मुलाला शाळेत इंग्रजी चुकल्यावर हसू झालेलं असतं, आणि तो नव्या भाषेतही आधी मनात वाक्य पूर्ण जुळवतो, मग बोलतो. तोवर समोरचा पुढे गेलेला असतो.

मुलाखतीत सगळं कळत नाही. तेव्हा काय करायचं?

परवाच एका मुलीची व्हिडिओवरची मुलाखत माझ्याच टेबलावर झाली. ओळखीचा परिच्छेद तिने धडाधडा म्हटला. समोरच्या बाईंनी मधेच थांबवून विचारलं, "वास माखन झी, वेन आइन पात्सिएंट निश्ट एसन विल?" पेशंट जेवायला तयार नसेल तर काय करता? मुलगी गप्प. मग तिने मी शिकवलेलं एक वाक्य काढलं, "क्योनन झी दास बिटं वीडरहोलन?", कृपया पुन्हा सांगाल का. बाईंनी सावकाश पुन्हा विचारलं. तिने उत्तर दिलं: मी विचारते, दुखतंय का. मी नंतर पुन्हा ताट आणते. मी लिहून ठेवते आणि डॉक्टरांना सांगते. तीन वाक्यं, ए२ची, एका क्रियापदाचा शेवट चुकलेला. निवड झाली.

मालकाला कळायचं असतं की न कळल्यावर तुम्ही काय करता. न कळता "या, या" (हो, हो) करत मान हलवणारी नर्स त्याला धोक्याची वाटते, आणि ते बरोबरच आहे. पाठ केलेला परिच्छेद तो पहिल्या अर्ध्या मिनिटात ओळखतो. म्हणून आपल्या कामातल्या वीस अडचणी मराठीत लिहा आणि प्रत्येकीला तीन साधी वाक्यं तयार करा.

बायोडेटात पातळी खरी लिहा. बी१चा वर्ग चालू असेल तर "ए२ पूर्ण, बी१ चालू, परीक्षा अमुक महिन्यात". तारीख लिहिलेला अर्ज वजनदार दिसतो.

आमचे आजोबा विट्याहून तमिळनाडूत गलाईच्या धंद्याला गेले. त्यांनी कुठे क्लास लावला होता?

हा प्रश्न मला खानापूर, आटपाडी, खटाव, माण या भागातल्या प्रत्येक घरातून येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुष्काळी गावांतली ही माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आणि तमिळ, मल्याळम, तेलुगू, बंगाली घडाघडा बोलू लागली. पण नीट बघा काय घडलं. पोरगं गावच्याच माणसाच्या दुकानात उतरायचं. आधी झाडलोट, भट्टी, निरोप. गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ यायच्या आत त्याने कितीतरी दिवस नुसतं ऐकलेलं असायचं. घरी मराठी, बाहेर तमिळ, आणि चुकलं तर सांभाळणारा शेठ गावचाच. परवाना मागणारं कुणी नव्हतं.

जर्मनीत असं उतरायला दुकान नाही. ते ऐकण्याचे महिने इथल्या वर्गात काढावे लागतात.

त्यांची एक रीत मात्र जशीच्या तशी उचलावी. ती माणसं आधी धंद्याचे शब्द शिकली: वजन, कस, भाव, उधारी. तुम्हीही पुस्तकातला "प्राणिसंग्रहालयातला दिवस" हा धडा मागे ठेवा आणि आपल्या यंत्रापासून सुरुवात करा. लेथ म्हणजे ड्रेमाशीने, ड्रॉइंग म्हणजे त्साइखनुंग, व्हर्नियर म्हणजे मेसशीबर. असे दीडशे शब्द पक्के झाले की पहिल्या दिवशी फोरमन तुम्हाला कामाचा माणूस समजतो.

जपानला भाषा कमी लागते का?

वेगळी लागते. २०१९ पासून जपानने विशिष्ट कुशल कामगार नावाचा व्हिसा सुरू केला, आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याचा करार झाला. त्यासाठी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा, शिवाय त्या कामाची कौशल्य परीक्षा. वृद्धांच्या देखभालीच्या कामाला भाषेची आणखी एक छोटी परीक्षा असते. पहिल्या टप्प्याचा व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि त्यात कुटुंब नेता येत नाही. हे लग्न ठरलेल्यांनी दोनदा वाचावं.

वाक्यरचना मराठीच्या फार जवळची आहे. "वाताशी वा गाक्को नी इकिमास", मी शाळेला जाते: कर्ता, मग जागा, तिला चिकटलेला प्रत्यय, आणि क्रियापद शेवटी. लिपी मात्र वेळ खाते: हिरागाना ४६, काताकाना ४६, आणि एन४पर्यंत साधारण तीनशे कांजी (चित्राक्षरं). जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात केंद्र आहे. त्या परीक्षेत बोलणं अजिबात तपासत नाहीत, त्यामुळे एन४ पास झालेलं मूल मुलाखतीत मुकं बसलेलं आढळतं. बोलायचा सराव वेगळा करा.

आखातात?

दुबई, कतार, सौदीत साइटवर हिंदी-उर्दू चालतं, कार्यालयात इंग्रजी. अरबीची अट सहसा नसते. ड्रायव्हर, दुकानातले आणि घरकामाचे लोक अरबी ऐकून शिकतात. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे जाण्यापूर्वी मंजुरी लागते अशी नोंद, असते, आणि अशांना ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी घ्यावी लागते. सोबत प्रवासी भारतीय विमाही सक्तीचा, दहा लाखांचा. आखातात भाषेपेक्षा करार वाचणं महत्त्वाचं.

एजंट खरा की खोटा, कसं ओळखायचं?

परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. ई-मायग्रेटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, मोबाइलवर दोन मिनिटांत दिसते. त्यांना उमेदवाराकडून घेता येणारी फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४००. पावतीसकट. चार लाख मागणारा "पॅकेज" म्हणतो, "कन्सल्टन्सी" म्हणतो, "भाषेचा खर्च" म्हणतो. भाषेचे पैसे भाषेच्या वर्गाला द्यावेत, भरतीचे भरतीला. दोन्ही एकाच्या हातात दिले की काय कशाचं ते नंतर निघत नाही.

टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून देऊ, म्हणणाऱ्यासमोरून उठून यायचं. म्यानमार, कंबोडिया, लाओसच्या "डेटा एंट्री"च्या नोकऱ्यांत ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या भारतीयांना सरकारने सोडवून आणलंय. मदतनीस म्हणून रशियाला गेलेले काही जण सैन्यात पोचले. त्या सगळ्या जाहिरातींत एक ओळ असायची: भाषेची गरज नाही.

नर्सिंगमध्ये उलट चाल आहे: चांगला जर्मन मालक भरतीचा खर्च स्वतः करतो, आणि न्याय्य भरती करणाऱ्या संस्थांना तिथे सरकारी मान्यतेचं गुणवत्ता चिन्हही मिळतं. ते चिन्ह आहे का, एवढं विचारा. समोरच्याच्या चेहऱ्यावर कळतं.

शिकायचं कुठे? परीक्षा कुठे?

परीक्षा पुण्यात, मॅक्समुल्लर भवनला, हेच ग्योटे इन्स्टिट्यूट. जागा लवकर भरतात, म्हणून तारीख उघडण्यावर लक्ष ठेवा, आणि सकाळची परीक्षा असेल तर आदल्या रात्री पुण्यात मुक्काम करा. गाडीतून उतरून धावत जाणं सोसत नाही. शिकायला पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग, आणि गल्लोगल्ली आमच्यासारखे. डॉइच वेलेचे ऑनलाइन धडे फुकट आणि चांगले आहेत. वर्ग निवडताना एकच बघा: तासात शिक्षक किती बोलतो आणि मुलं किती.

बी१ची परीक्षा चार भागांची असते: वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. आपल्याकडची मुलं बहुधा ऐकण्यात अडकतात.

बी२ करून गेले, तरी म्हातारे पेशंट काय बोलतात कळत नाही. माझं काही चुकलं का?

नाही. पुण्यात वाढलेला माणूस जतच्या बाजारात कानडी मिसळलेली मराठी ऐकून जसा बावचळतो, तसंच आहे हे. दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन आणि बायर्नकडच्या म्हाताऱ्यांची बोली पुस्तकात नाही, आणि उत्तरेकडचे जर्मनही तिच्यापुढे गोंधळतात. काही महिन्यांत कान बसतो. तोवर लेखी निरोप मागा. एखाद्या आजींशी रोज दहा मिनिटं निव्वळ गप्पा मारा. त्यांनाही बोलायला कुणी हवंच असतं.

नवऱ्याला किंवा बायकोला पण भाषा लागते?

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जाण्यापूर्वी ए१ची अट नाही. इतर काही व्हिसांना आहे. अट नसली तरी शिकवा. तिकडे कामाला जाणाऱ्याचं कसंही निभतं. घरी एकटं राहणारं माणूस दुकानात, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत अडतं, आणि बरीच घरं त्यापायी परत आलीत.

वय बेचाळीस आहे. उशीर झाला का?

भाषेला नाही. ऑपॉर्च्युनिटी कार्डात तरुणांना जास्त गुण आहेत आणि चाळिशीनंतर वयाचे गुण मिळत नाहीत, ते अनुभवातून भरा. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा जाणाऱ्याला पगाराची किंवा पेन्शनच्या तरतुदीची वेगळी अट लागते, म्हणजे करायचं असेल तर लवकर करा.

शिकण्यासाठी इथली नोकरी सोडू का?

नको. करारावर सही आणि पासपोर्टवर व्हिसा, दोन्ही होईपर्यंत नको. बी१पर्यंत नोकरी करूनच शिकतात बहुतेक जण. अगदी बी२च्या शेवटच्या दोन महिन्यांत बिनपगारी रजा मिळत असेल तर घ्या.

नोकरीवर असतानाच अनुभवाचं पत्र मात्र मागून ठेवा. आपल्याकडचं "यांची वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा" असलं पत्र तिकडे कुणी मोजत नाही. कोणत्या विभागात, आठवड्याला किती तास, कोणती यंत्रं किंवा कोणत्या प्रकारचे पेशंट, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं हवं. लेटरहेड, सही, शिक्का, आणि तारखा पगाराच्या स्लिपशी जुळलेल्या. एचआरमधला तुम्हाला ओळखणारा माणूस बदलायच्या आत घ्या.